ती भुरी नव्हती

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल की आजीची झाडं जळाली, कारण आजीला आता नीट दिसत नाही आणि गच्चीवर चढणं झेपत नाही. हे खोटं आहे. खोटं हा शब्द मी विचार करून वापरते आहे. तुम्ही दूर आहात, त्यामुळे इथलं जे काही तुमच्यापर्यंत पोचतं ते बाबांच्या तोंडून पोचतं. म्हणून मी हे कागदावर लिहून पाठवते आहे. इंग्रजीत लिहू शकले असते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि तुम्हालाही ते सोपं गेलं असतं. पण मराठीत लिहिलं की ते तुमच्या बाबांना तुम्हाला वाचून दाखवावं लागेल, मोठ्याने. थोरलीला थोडं मराठी वाचता येतं. तिने शेजारी बसून ओळींवर बोट ठेवावं, म्हणजे एकही ओळ गळणार नाही.

क्रमाने सांगते.

आपल्या अमरावतीच्या घराच्या गच्चीवर एक्केचाळीस कुंड्या होत्या. आजही आहेत, पण त्यातल्या बऱ्याच आता दाखवण्यासारख्या नाहीत. सगळी अगावे. याच्या गावठी भावाला आपल्याकडे घायपात म्हणतात. शेताच्या बांधावर कुंपणाला लावतात, पानांतून वाख काढून दोर वळतात. मी पहिली कुंडी आणली तेव्हा तुमच्या आजोबांच्या वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बांधावरचं घायपात कोनी कुंडीत लावते का? उद्या बाभूळ आनून सोफ्यावर बसवशीन." सगळे हसले. मीही हसले, पण कुंडी जागची हलवली नाही.

या झाडाला फार काही लागत नाही. फक्त माणसांना आपले लाड आवरावे लागतात. वऱ्हाडातली काळी माती कपाशीला चांगली, पण ती पाणी धरून बसते आणि अगावेची मुळं त्यात कुजतात. म्हणून मी मुरूम आणवते, चाळते, त्यात जाड रेती, विटांची भरड आणि मूठभर जुनं शेणखत घालते. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी. पावसाळ्यात अजिबात नाही, तेव्हा वरून प्लास्टिक. डोक्यावर हिरवी जाळी वर्षभर, कारण आपल्याकडचं ऊन हे झाडालासुद्धा सहन होईल असं ऊन नाही. गच्चीच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली असते. कुठल्या कुंडीला कधी पाणी दिलं, बुंध्याशी फुटलेलं कुठलं पिल्लू आईझाडापासून कधी वेगळं केलं, सगळं तारखेसह. पहिल्या पानावर नियम लिहिले आहेत. त्यातला पहिला नियम असा की पानांना हात लावू नये.

हा नियम काट्यांमुळे नाही. माझ्याकडची बरीचशी झाडं निळसर आहेत, आणि तो निळा रंग पानाचा नसतो. पानावर पांढऱ्या भुकटीचा एक बारीक थर असतो, कोहळ्यावर असतो तसा. हिरव्या पानावर तो बसला की झाड निळं दिसतं. हा थर म्हणजे झाडाची छत्री. ऊन त्यावर अडतं. बोट लागलं तरी तो पुसला जातो, आणि एकदा पुसला की त्या पानावर पुन्हा येत नाही. पान मरेपर्यंत बोटाचा डाग तसाच राहतो, आणि या झाडांची पानं वर्षानुवर्षं जगतात.

आता अकोला.

मागच्या श्रावणाच्या शेवटी माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ठरलं. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. तुमच्या आत्याच्या ओळखीचे डॉक्टर अकोल्याचे, म्हणून मी तिच्याकडे जाऊन राहिले. चांगले दोन महिने. आत्याने माझं सगळं केलं, हे आधी लिहिते. वेळच्या वेळी थेंब, पथ्याचं जेवण, वाकू नको, उचलू नको. पण दुसऱ्या आठवड्यापासून ती माझ्या ताटात पोळीचे तुकडे करून वाढू लागली. माझे हात ठीक होते, ऑपरेशन डोळ्याचं होतं. कोणी भेटायला आलं की माझ्यासमोरच म्हणायची, आईला आता सगळं सांगावं लागतं. काय सांगावं लागत होतं? मी काळा चष्मा लावून बसलेली असायचे, आणि चष्मा लावलेल्या माणसाला ऐकूही येत नाही असं लोक का धरतात ते मला अजून कळलेलं नाही. तिच्याकडे माझ्यासाठी एक खोली तयार केलेली होती. नवा एसी, नवी गादी. खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत. मला वाटलं, ही खोली दोन महिन्यांसाठी आहे.

मधे महालक्ष्म्या आल्या. आपल्या घराण्याच्या महालक्ष्म्या अमरावतीच्या घरात बसतात, थोरल्या सुनेच्या हातून. लग्नापासून एकही वर्ष मी चुकवलं नव्हतं. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं, तेव्हा माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची मोर्शीची आजी, आठ दिवस आधी अमरावतीला येऊन राहिली. घर धुतलं, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं तिने एकटीने उभं केलं. महालक्ष्म्यांना घरात आणताना सगळं घर फिरवून दाखवायची आपली पद्धत आहे, तुम्हाला आठवत असेल. त्या गच्चीवरही जातात. घरात कुठे घाण नको, मळ नको, दुखणं नको.

जाऊबाई गच्चीवर गेली आणि तिला पानांवर पांढरी भुकटी दिसली. तिचं माहेर संत्र्याच्या बागांतलं, मोर्शीचा संसार मुगा-उडदाच्या शेतातला. पानावर पांढरं दिसलं की त्याला एकच नाव तिला माहीत आहे: भुरी. भुरी हा रोग आहे, पावसाळी दमट हवेत येतो, पसरतो आणि पीक घेऊन जातो. तिने साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एक्केचाळीस झाडांचं एकेक पान पुसलं. मग चमक यावी म्हणून वरून खोबरेल तेल लावलं. भुरीला ऊन लागलं की ती हटते, म्हणून प्लास्टिक काढलं, जाळीही काढली, दोन्हींच्या नीट घड्या घालून जिन्याखाली ठेवल्या. महालक्ष्म्या उठल्यावर घराला कुलूप लावून ती मोर्शीला गेली. मग पाऊस संपला आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं. छत्री काढून घेतलेल्या, तेल लावलेल्या पानांवर.

हे मला नंतर कळलं. त्याआधी काय झालं ते ऐका.

दसऱ्याच्या सुमाराला तुमची आत्या माझे कपडे आणायला अमरावतीला गेली. गच्चीवर गेली, जळालेली पानं पाहिली, फोटो काढले आणि तुमच्या बाबांना पाठवले. मला नाही पाठवले. ती अकोल्याला परतली तेव्हा मी तिच्याच घरात, शेजारच्या खोलीत होते. दोघांनी फोनवर बोलून ठरवलं: आईला दोन वर्षं दिसत नव्हतं, तिने लपवलं, झाडांची काय दशा झाली बघ, उद्या गॅस उघडा राहील. आईने आता अकोल्यालाच राहावं. अमरावतीचं घर भाड्याने द्यावं. झाडं कोणाला हवी असतील तर द्यावीत, नाहीतर टाकावीत. माझ्या घराचा, माझ्या झाडांचा आणि माझ्या उरलेल्या आयुष्याचा निर्णय झाला, आणि मला त्या आठवड्यात विचारलं गेलं ते एवढंच, की आई, दूध साखर घालून घेशील की बिनसाखरेचं.

मी अमरावतीला परतले ती दोन-चार दिवसांसाठी, सामान आवरायला, असं आत्याच्या मनात होतं. माझ्या मनात मी घरी परत येत होते. तिने मला दारात सोडलं, रविवारी येते म्हणाली आणि गेली. मी चहासुद्धा न करता गच्चीवर गेले.

मला इतकं स्पष्ट कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. नवे डोळे. समोरच्या पाण्याच्या टाकीवरच्या पाली दिसत होत्या. आणि त्या डोळ्यांनी मी जे पाहिलं ते हे: निळं काही उरलंच नव्हतं. सगळी झाडं हिरवीगार, तुळतुळीत, दुकानातल्या प्लास्टिकच्या झाडांसारखी. आणि दक्षिणेकडच्या प्रत्येक पानावर भाजल्याचे डाग, पोळी तव्यावर राहिल्यावर पडतात तसे, मधे पांढरे कागदासारखे, कडेने तपकिरी. बोट लावलं तर तेलकट. जिन्याखाली जाळी सापडली, घडी घातलेली. तेव्हा मला सगळं कळलं. आपल्या घरात इतकी चौकोनी घडी एकच माणूस घालतं.

जिन्याजवळच्या सगळ्यात मोठ्या झाडापाशी मी शेवटी गेले, कारण तिथे जायची हिंमत होत नव्हती. आता जे लिहिते आहे ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनी एकदा त्या झाडाच्या पानावर अंगठा दाबला होता. खरंच पीठ लावलंय का, म्हणून बघायला. स्पष्ट ठसा उमटला, रेषांसकट. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. म्हणाले, ठसा दिला तुला, आता कुठे सही करू ते सांग. पुढच्या वर्षी ते गेले. ठसा राहिला. तीन वर्षं मी रोज सकाळी चहा घेऊन त्या पानासमोर उभी राहत होते. ते पान आता स्वच्छ आहे. खोबरेल तेलाने चमकतं आहे.

मी त्या दिवशी रडले नाही. जाळी पुन्हा बांधली. एकटीने, खुर्चीवर चढून, अकोल्यात ज्याला बंदी होती ते सगळं करून.

रविवारी आत्या आली ती पुठ्ठ्याचे रिकामे खोके घेऊन. आवरायला मदत म्हणून तिने जाऊबाईलाही मोर्शीहून बोलावलं होतं. तुमचे बाबा फोनवर, व्हिडिओवर, स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेले. तुमच्याकडे सकाळ होती, मागे तुमचा टोस्टर वाजत होता. ते खूप प्रेमाने बोलले. ते प्रेमाने बोलतात तेव्हा सावध राहावं, हे तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. म्हणाले, "आई, झाडं बघितलीस ना? कोणी तुला दोष देत नाही. पण आता झेपत नाही, हे मान्य कर."

मी जाऊबाईकडे वळले आणि विचारलं, "पानं तू पुसली का?"

रागावले की माझी भाषा इंग्रजीची राहत नाही, पुस्तकी मराठीही राहत नाही. पुढचं सगळं आम्ही दोघी वऱ्हाडीत बोललो, आणि तुमचे बाबा डब्याला टेकून ऐकत राहिले.

ती म्हणाली, "हो बाई, पुसली. भुरी चढली व्हती ना. तीन दिवस लागले मले, कंबर मोडली."

"आन् जाळी?"

"जाळी बी मीनंच काहाडली. उनाबिगर भुरी जाते का?"

मी म्हटलं, "कोहळं कापलं ना तू महालक्ष्म्यांले? त्याच्यावर पांढरं व्हतं ना? त्याले भुरी म्हणलं का? त्याले कावून नाही पुसलं तेल लावून?"

कोहळं तिला लगेच समजलं, चेहऱ्यावर दिसलं. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. वही खिळ्यावरून काढून आणली आणि तिच्यापुढे आपटली. पहिल्याच पानावर लिहिलं आहे, हात लावू नये म्हणून, डोळे होते ना तुला, असं काहीतरी म्हणाले.

तिने वही उघडली, बंद केली. "हे इंग्रजीत हाय," ती म्हणाली. "मी काय मडम हाओ का? घर तुमी मराठीत चालवता, चिवड्याच्या डब्यावर मराठीत लिवता, आन् झाडायचे नियम इंग्रजीत. कोनासाठी? कोनाले वाचता येऊ नये म्हनूनच ना? इतक्या वर्षांत एका कुंडीले हात लावू देल्ला का तुमी कोनाले? मीनं एकदा पिल्लू मांगतलं व्हतं. तुमी म्हणलं, तुमच्या काळ्या मातीत मरते. मी का मातीतच राहतो?"

हे खरं होतं, आणि त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, वाढला. माणूस चुकलेलं असताना बरोबर बोलतं तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं?

मी फोनकडे वळले. म्हटलं, ऐकलंस ना? झाडं मी जाळली नाहीत. मी इथे नव्हतेच. मी डोळे नीट करून घेत होते आणि आता मला तुझ्या शर्टाचं बटण उलट लावलेलं इथून दिसतंय.

मला वाटलं होतं, आता विषय संपेल. आरोप होता, पुरावा आला, आरोप खोटा ठरला. मी असं शिकले आहे. तुमचे बाबा बटण नीट करत म्हणाले, "ठीक आहे आई, झाडांचं कळलं. पण मुद्दा झाडांचा नाहीये ना."

मुद्दा झाडांचा नव्हता. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. झाडं जळाली म्हणून माझं घर बंद होणार नव्हतं. घर बंद करायचं ठरलेलं होतं आणि झाडं आयती जळून मिळाली. झाडं हिरवी-निळी राहिली असती तर माझा गुडघा मिळाला असता, किंवा एखादा विसरलेला नळ. मी तुमच्या बाबांना म्हटलं, खरं कारण सांग. ते म्हणाले, आम्हाला काळजी वाटते. मी म्हटलं, म्हणजे झोप तुमची उडते आणि घर माझं जाणार. आत्या रडायला लागली. मी तिलाही सोडलं नाही. पोळीच्या तुकड्यांचंही काढलं. ते काढायला नको होतं, पण काढलं.

मग जाऊबाई बोलली. तिच्याशी मी नुकतीच कशी बोलले होते ते तुम्ही वाचलंच. ती उठून फोनसमोर जाऊन बसली आणि तुमच्या बाबांना म्हणाली, "बाप्पा, आईले अकोल्याले नेशीन, घर भाड्यानं देशीन, त महालक्ष्म्या कुठी बसवशीन? भाडेकरूच्या देव्हाऱ्यात? का तिकडं नेतं इमानात बसवून?"

आत्या डोळे पुसत म्हणाली, हो, हे लक्षातच आलं नव्हतं. महालक्ष्म्या जागा बदलत नाहीत. बदलायच्या तर विचारून, कौल लावून, मोठं काम. पुढच्या भाद्रपदापर्यंत तरी घर बंद करता येणार नाही, असं दोघांचं पाच मिनिटांत एकमत झालं. खोके रिकामेच परत गाडीत गेले.

मी जिंकले, असं समजू नका. मी तेव्हा जेवढी संतापले होते तेवढी गच्चीवरही नव्हते. मी शुद्धीवर आहे, चालती-फिरती आहे, मला इथे राहायचं आहे, हे कारण पुरलं नाही. तासभर मी ते सांगत होते. देवींना घर लागतं, हे एका वाक्यात पुरलं. मी माझ्या घरात माणूस म्हणून राहत नाही, त्यांची राखणदार म्हणून राहते, आणि तेही वर्षाच्या बोलीवर. जाऊबाईला हे सगळं कळत होतं. जाताना दारात म्हणाली, "बाई, त्यायले जे समजते तेच सांगा लागते. तुमचं इंग्रजी कायदं कोन आयकते?"

मी त्या दिवशी तिला पिल्लू दिलं नाही. तिने मागितलंही नाही.

पंधरा दिवसांनी दिलं. त्यातही प्रेम वगैरे आणू नका; तिने मला जे सुनावलं त्यातलं एक खरं होतं आणि ते माझ्याच्याने पचत नव्हतं. जाळीखाली तगलेल्या झाडांची तीन पिल्लं वेगळी केली. काप सुकायला चार दिवस सावलीत ठेवली. वहीच्या पहिल्या पानावर नियम मराठीत लिहिले, त्याची एक प्रत केली. दोन पिशव्या चाळलेला मुरूम, एक पिशवी भरड. आणि कोणालाही न विचारता, न कळवता, सकाळच्या एसटीने मोर्शीला गेले. कंडक्टरने विचारलं, आजी, पिशवीत काय? मी म्हटलं, मुरूम. तो म्हणाला, मोर्शीला माती नाही का? मी म्हटलं, आहे, तीच तर अडचण आहे.

जाऊबाईने दार उघडलं, पिशव्या पाहिल्या, मला पाहिलं, मागे कोणी आहे का ते पाहिलं. कोणी नव्हतं. एवढ्या पिशव्या घेऊन एकट्या आल्या का, असं तिने विचारलं नाही. चहा ठेवला आणि अंगणात घमेलं आणून दिलं.

आम्ही दोघी खाली बसून मुरूम कालवत होतो. ती सवयीने त्यात अंगणातली काळी माती मिसळायला गेली, मी तिच्या हातावर मारलं. ती म्हणाली, एवढीशी. मी म्हटलं, एवढीशीही नाही. पुन्हा गेली, पुन्हा मारलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तुमचे बाबा. अमरावतीच्या शेजाऱ्यांनी त्यांना कळवलं होतं की आईच्या दाराला सकाळपासून कुलूप आहे. घाबरलेला आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता. आई तिकडे आलीये का? एकटी? एसटीने? तिला दे फोन, आत्ता दे.

जाऊबाईने माझ्याकडे पाहिलं. मी कोपरापर्यंत मुरुमात होते. मी नकारार्थी मान हलवली.

"हात भरले हायेत तिचे," तिने सांगितलं. "कामात हाय ते. तू मंग फोन कर." आणि फोन ठेवून ती पुन्हा घमेल्याशी बसली.